पाण्यातून काढलेलं कापड

आमच्या यांनी आयुष्यात कुणाला कसली हमी दिली नव्हती. लग्नात माझे वडील म्हणाले, "पोरीला नीट सांभाळा," तर हे म्हणाले, "बघू या." असला माणूस. एकदाच हमी दिली आणि ती कशाची, तर कापड पेटणार नाही याची. ती हमी मी मोडली की नाही मोडली, हे मला सहा महिने कळत नव्हतं. आजही त्या दिवसांचं आठवलं की डोकं गरगरतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंबरनाथला एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कोऱ्या कापडाला रंग नि खळ द्यायच्या कारखान्यात, हे चौदा वर्षं कामाला होते. एक दिवस गेटला कुलूप लागलं ते लागलंच. काही दिवस सगळ्यांनी गेटसमोर बसून काढले, मग तेही थांबलं. बदलापूरला शिरगावात आमच्या दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात नळ. मी शिवणकाम करायची. ब्लाऊज, परकर, आणि मे महिना लागला की शाळांचे गणवेश. मशीन चालायचं तसंच माझं तोंडही चालायचं, हे आधीच सांगून टाकते. राग माझ्या नाकावर. माझं म्हणणं एवढंच असायचं की मी खरं बोलते, आता खरं टोचलं तर मी काय करू?

यांच्या कारखान्यातल्या कुणीतरी नाव सांगितलं म्हणून उल्हासनगरचे एक शेठ आमच्याकडे आले. शेठ सिंधी, भजनांच्या कॅसेटी काढायचे. कॅम्प तीनमध्ये त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी गाणी रेकॉर्ड करायची खोली बांधायला घेतली होती. खिडकी म्हणून एक नाही. भिंतींवर लावायला बावीस लाकडी चौकटी करून घेतल्या होत्या. चौकटीत काचेचा कापूस भरायचा, वरून कापड ताणून मागे खिळे ठोकायचे आणि भिंतीला टांगायचं. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणे आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तो कापडाने गिळायचा. मला काही पटलं नाही. आवाज काय भात आहे गिळायला?

खरा पेच वेगळाच होता, तो शेठच्या आईचा. तिला सगळे अम्मा म्हणायचे. कुठलंही रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी अम्मा त्या खोलीत कोपऱ्यात कणकेचा दिवा लावायची, झुलेलालची जोत, आणि पहिलं गाणं संपेपर्यंत शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसायची. जुन्या जागेत वर्षानुवर्षं तसंच चालत होतं. पण त्या वर्षी त्यांच्या गल्लीतलं कापडाचं एक गोडाऊन जळलं आणि शेठना त्या नव्या खोलीची धास्ती बसली. खिडकी नसलेली खोली, भिंतभर कापड, दार बंद, आणि आत दिवा.

"भाईसाब, ऐसा कपडा चाहिए जो आग पकड़े ही नहीं," शेठ यांना म्हणाले.

मी चहा घेऊन आले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "शेठ, त्यापेक्षा अम्मांनाच सांगा ना, दिवा बाहेर लावा म्हणून."

शेठनी दोन्ही कानांना हात लावले. "अम्मा को कौन बोलेगा, भाभी? अपने घर में किसी की हिम्मत नहीं।"

शेठ गेल्यावर मी पोट धरून हसले. एका म्हातारीला एक वाक्य बोलायची कुणाची छाती नाही, म्हणून बावीस चौकटींचं कापड औषधात बुडवायचं! "अहो, भित्र्यांचा बाजार आहे नुसता," मी म्हटलं. हे बशीतला चहा फुंकत बसले होते. काही बोलले नाहीत. हे कधी काही बोलतच नसत.

पण यांना ते काम येत होतं. कारखान्यात असताना नाटकगृहाच्या पडद्यांना असला हात यांनी दिलेला होता. टाकणखार आणि बोरिक पावडर, दोन्ही गरम पाण्यात विरघळवायची, कापड त्यात बुडवायचं, निथळून सावलीत वाळवायचं. टाकणखार म्हणजे सोनाराकडे असतो तोच, आणि बोरिक म्हणजे पोरं कॅरमवर टाकतात ती. मला वाटलं हे माझी चेष्टा करताहेत. कॅरमच्या पावडरीने आग कशी थांबेल? पण आनंदनगरच्या एका कारखान्यातून हे दोन पोती सायकलला बांधून घेऊन आले, तेव्हा मी गप्प बसले.

शेठनी बदामी रंगाची जाड दोसुती पाठवली, पाच लांब तुकडे. हे मला म्हणाले, "आधी यातली खळ काढ. खळ राहिली तर औषध आत शिरत नाही." मी टबात घालून सगळं पाण्यातून काढलं, पिळलं, वाळत घातलं. हे पक्कं आठवतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग दोन दिवस अंगणात ड्रमखाली चूल पेटलेली. कापड वाळलं ते पापडासारखं कडक झालं आणि त्यावर पांढरी भुकटी दिसायला लागली. यांनी एक पट्टी कापून मेणबत्तीवर धरली. काळी पडली, धूर सुटला, पण ज्योत काही धरली नाही. मेणबत्ती बाजूला केली की विझून जायची. मी चार वेळा स्वतः करून बघितलं. विस्तवात धरलेलं कापड जळत नाही, हे डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

शेठ आले तेव्हा यांनी त्यांच्यासमोर पट्टी धरली. शेठ खूश झाले. म्हणाले, "पक्का ना? मेरी माँ बैठेगी अंदर."

तेव्हा हे म्हणाले, "नाही पेटणार. माझी हमी."

मी यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. चौदा वर्षं नोकरी करून गेटबाहेर बसलेला माणूस पहिल्यांदा ताठ उभा राहून काहीतरी बोलला होता. शेठ म्हणाले, हे नीट झालं तर कल्याणच्या एका हॉलचे पडदे आहेत, अजून दोन ठिकाणी ओळख देतो. म्हणजे यांचा शब्द खरा ठरला तर यांचा धंदा उभा राहणार होता, आणि खोटा ठरला तर अम्मा आत बसलेली असणार होती. इतकं ते साधं होतं.

आता पुढचा भाग, ज्यात माझ्या डोक्याचं भजं झालं.

दोसुतीचा पन्हा चौकटीपेक्षा अरुंद होता, म्हणून दोन-दोन तुकडे जोडून, कडा दुमडून खोळी शिवायच्या होत्या. ते काम माझं. त्याच आठवड्यात गणवेशाचे ढीग पडलेले. खाकी, पांढरं, निळी चौकट, सगळं कोरं कापड. मी शिवणाचा वर्ग केला त्या बाई फार कडक होत्या. कोरं कापड पाण्यातून न काढता कात्री लावली की हातावर पट्टी बसायची. आटलं कापड की शिवलेलं सगळं वाया. तेव्हापासून माझ्या हाताला सवयच होती. कात्री उचलायच्या आधी कापड टबात. डोक्याला विचारायची गरजच नाही.

त्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. ब्लाऊज तंग झाला म्हणे. अगं बये, तू जाड झालीस त्याला मी काय करू? ती गेल्यावरही मी तासभर भिंतींशी भांडत होते आणि कापडाचे ढीग टबात घालून काढत होते. कुठलं कापड, कितवं, काही लक्ष नाही. संध्याकाळपर्यंत दोसुतीला कात्री लावली, दुसऱ्या दिवशी खोळी शिवून दिल्या. हे गप्प होते. नेहमीसारखेच.

पावसाळ्यात खोलीचं उद्घाटन झालं. मला पण बोलावलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मी घाबरलेच. कुणी कानात बोळे घातल्यासारखं झालं. मी हाक मारली तर माझाच आवाज मला परका वाटला, तोंडातून निघून पायाशी पडला. मी घरात ओरडले की शेजारचं कुत्रं उठतं, आणि इथे हा असा! शेठ हसले, म्हणाले, "देखा भाभी, यहाँ आपका भी नहीं चलेगा।" सगळे हसले. हेही हसले, जरा जास्तच.

मग अम्मा आली. पांढरी सलवार, पांढरी ओढणी, गुडघे दुखत होते तरी जमिनीवर बसून तिने कणकेचा दिवा लावला. दिव्यापासून चौकट फार तर दोन हात. मी कौतुकाने त्या चौकटीच्या कापडावरून हात फिरवला.

मऊ लागलं.

मी पुन्हा हात फिरवून बघितला. हे कापड तर पापडासारखं कडक झालेलं ना? मग शिवताना सुई कशी सरसर गेली होती? आणि तेवढ्यात माझ्या हातांना आठवलं. डोक्याला नाही, हातांना. जाड, जड, ओली दोसुती पिळतानाचा तो पीळ, मनगटातली कळ. पण ती कळ कधीची? औषधाआधी खळ काढली तेव्हाची, की नंतर कात्री लावायच्या आधीची? एकदा पिळली की दोनदा? दोनदा पिळली असेल तर सगळं औषध आमच्या नळाखालच्या मोरीतून वाहून गेलं. आणि अम्मा समोर डोळे मिटून बसली होती, हातात माळ.

भजन सुरू झालं. काय भजन होतं मला माहीत नाही. मी दिव्याकडे बघत होते.

परत येताना यांना सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं आणि भाजी काय करू ते विचारलं. पावसाळ्यात घरचे पापडसुद्धा मऊ पडतात, मग कापड पडलं तर नवल काय, असं स्वतःला समजावलं. आणि सांगायचं तरी काय? "तुमची हमी मी बहुतेक धुऊन टाकली"? बहुतेक! दुसऱ्याची चूक असती तर मी पाचव्या मिनिटाला तोंडावर फेकली असती. स्वतःची निघाली तर मूग गिळून बसले. अशी मी खरं बोलणारी.

पण झोप कशी लागणार? मी शेठना निरोप दिला, दोसुतीवर धूळ फार बसते, रेकॉर्डिंगच्या दिवशी मी येऊन पुसून देत जाईन, पैसे नकोत. शेठना वाटलं, काय चांगली बाई आहे. दर गुरुवारी मी जायची. ओल्या फडक्याने बावीसच्या बावीस चौकटी पुसायची, पाण्याची बादली दाराआड ठेवायची आणि अम्माच्या जवळ जाऊन बसायची. दिवा शांत होईपर्यंत माझे डोळे त्या वातीवर. अम्मा माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "बड़ी भगत है तू," म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कोपऱ्यातल्या चौकटीच्या खालच्या कडेची बोटभर पट्टी मी कात्रीने काढून आणली आणि घरी कुणी नसताना स्टोव्हवर धरली. भक्कन पेटली. बोट पोळलं. बस, ठरलं, आज सांगायचंच. पण हे रोजंदारीवरून आले ते थकून आले, जेवले, आडवे झाले. उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. खात्री करू म्हणून पुढच्या गुरुवारी त्याच चौकटीची, त्याच कडेची आणखी एक पट्टी आणली. धरली स्टोव्हवर. काळी पडली, धूर निघाला, विझली.

मी स्टोव्हकडे बघतच बसले. तीच चौकट, तेच कापड, तीच मी. एका आठवड्यात पेटणारं कापड न पेटणारं कसं झालं? तिसऱ्या आठवड्यात अर्धी पेटली, अर्धी विझली. आता बोला! मला वाटलं मलाच काहीतरी होतंय. अम्माचा झुलेलाल काही करतोय की काय, असंही मनात येऊन गेलं. आणि खरं सांगते, त्या गोंधळाचा मला आधारच वाटायला लागला. नक्की काही कळत नाही तर सांगणार काय, असं म्हणत मी गप्प राहिले.

त्यातच चौकटींवर पांढरं पांढरं यायला लागलं. मी म्हटलं, औषध तर मी धुऊन टाकलेलं, मग ही बुरशीच. पावसाळ्यात आमच्या भिंतींना येते तशी. फडकं आणखी ओलं करून मी खसाखसा घासून काढायची. पुढच्या गुरुवारी परत हजर. असली चिवट बुरशी जन्मात बघितली नव्हती.

आणि घरात दुसरंच काहीतरी चाललं होतं. हे रविवारी पाठीवरचा फवारणीचा पंप सायकलला बांधून निघायचे. खरवईला यांच्या भावाची भातशेती, पंप त्यांचाच. "दादाकडे औषध मारायला चाललो," म्हणायचे. आधी मी काही म्हटलं नाही. पण दर रविवारी? संध्याकाळी परत यायचे तर सदरा पांढऱ्या डागांनी भरलेला, हात खरखरीत. मी धुताना शिव्या घालायची. भाऊ फुकट राबवून घेतोय आणि हे नंदीबैलासारखे मान हलवताहेत!

दिवाळी झाली. भात कापून, झोडून घरात आलं. तरी रविवारी हे पंप घेऊन निघाले. माझी सटकली. "अहो, शेतात आता काय उरलंय? पेंढ्यावर औषध मारताय का?" हे पायडलवर पाय ठेवून थांबले, काहीतरी पुटपुटले आणि गेले.

मी तशीच उठले, खरवईला गेले आणि जावेला अंगणातच गाठलं. तोंडाचा पट्टा सोडला. माझा नवरा म्हणजे तुमचा गडी आहे का, आठवड्याची एक सुट्टी असते माणसाला, वगैरे. जाऊ सुपातले तांदूळ पाखडायची थांबली. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

"अगं, भावोजी श्रावणात पंप घेऊन गेले ते परत आलेच नाहीत," ती म्हणाली. "आम्हालाच पंप मिळेना. शेजाऱ्याचा मागून आणला आम्ही."

मी तिथेच ओट्यावर बसले. जावेने पाणी दिलं. मग हे जातात कुठे? बाहेर काही भानगड? पण पाठीवर पंप बांधून भानगडीला कोण जातं? एक ना धड भाराभर चिंध्या, डोक्यात काहीच जुळेना. कापड पेटतं का नाही ते कळत नाही, बुरशी जात नाही, नवरा कुठे जातो ते माहीत नाही.

पण ओट्यावर बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र कळली. या सगळ्यात जिच्या जिवाशी खेळ चालला होता तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. यांना सांगायची माझी छाती नव्हती, बरं. अम्माला तर सांगता येईल? ती शिव्या देईल, हाकलून देईल, यांचं काम जाईल. जाऊ दे. म्हातारी जिवंत तर राहील.

तशीच उल्हासनगरला गेले. रविवार, दुकान बंद. जिन्याच्या बाजूचा दरवाजा उघडा होता. अम्मा त्याच खोलीच्या वरच्या मजल्यावर राहायची, म्हणून मी चढत होते, तेवढ्यात रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं. जिन्यात यांची सायकल उभी. मी दार ढकललं.

आत हे होते. पाठीवर पंप, नाकाला टॉवेल बांधलेला, एका हाताने दांडा हलवताहेत आणि दुसऱ्या हातातल्या नळीने कोपऱ्यातल्या चौकटीवर बारीक तुषार मारताहेत. खोलीभर पंख्यांचा वारा. माइकवर चादर टाकलेली आणि स्टुलावर अम्मा, हातात माळ, देखरेख करायला बसल्यासारखी.

"काय चाललंय हे?" मी ओरडले. घरातल्यासारखीच ओरडले. पण त्या खोलीने माझा आवाज घेतला नि काही शिल्लक ठेवलं नाही. ऐकू आला तो एक साधा प्रश्न, कुणीतरी हळू विचारलेला.

हे इतके दचकले की नळी हातातून सुटली. माझ्या अंगावर ते पाणी उडालं. खारट, खरखरीत. टाकणखाराचं पाणी.

मग मीच बोलले. सहा महिने घशात अडकलेलं सगळं बाहेर काढलं. "मी ते कापड पाण्यातून काढलं. कात्री लावायच्या आधी. औषध दिल्यानंतर. बहुतेक. मला नक्की आठवत नाही, पण माझ्या हातांना आठवतंय."

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पाची तुकडे काढलेस. औषधाचे पैसे देऊन आनंदनगरहून आलो तेव्हा तू शेवटचा पिळत होतीस. मी दारातच होतो."

"मग बोलला का नाहीत?"

यांनी टॉवेल नाकावरून खाली ओढला. माझ्याकडे बघितलं नाही, चौकटीकडे बघून म्हणाले, "तू त्या दिवशी आधीच चिडलेली होतीस."

एवढंच. म्हणून हा माणूस श्रावणापासून दर रविवारी बदलापूरहून सायकल मारत येत होता. आठवड्याला पाच-सहा चौकटी मारायच्या, घरून गपचूप कालवून आणलेलं औषध तेवढंच पुरायचं. सगळ्या एकदा मारून झाल्या की संपलं असतं. पण म्हणाले, "कळत नाही काय होतंय. मारतो आणि पुढच्या रविवारी येऊन बघतो तर कापड कोरं. औषध राहतच नाही."

मी माझ्या हातांकडे बघितलं. बुरशी! अगं बाई, मी दर गुरुवारी येऊन यांचं औषध ओल्या फडक्याने पुसून काढत होते. घासून घासून. हे मारत होते आणि मी पुसत होते, आणि दोघं एकाच घरात, एकाच ताटलीतली चटणी वाढून घेत होतो. आणि मी पुसून झालं की अम्मा तिथेच दिवा लावून बसायची.

मी सांगितलं. हे ऐकून हे मटकन खाली बसले, पंपासकट. त्यांना हसू आलं का रडू, मला अजून सांगता येत नाही.

अम्माला मराठी अर्धीच कळायची. तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "यह दवा किस वास्ते है?" तिने विचारलं. यांच्याकडे बोट केलं. "यह साईं हर इतवार बोलता है, कपड़े का कीड़ा मारने का।"

मी सांगितलं तिला. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. दिवा, कापड, शेठची भीती, यांची हमी. मनात म्हटलं, आता ऐकायची तयारी ठेव.

अम्माने कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाली, "इतनी सी बात? मेरे को बोलते ना। मैं बाहर जला लेती। जोत तो बाहर भी जोत है।" माळ तिने मांडीवर ठेवली. "किसी ने बोला ही नहीं। मैं क्या इतनी बुरी हूँ?"

हा प्रश्न तिने मला विचारला होता. मी उत्तर देणार होते, नाही हो अम्मा, तुम्ही कसल्या वाईट. तोंडापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. एका म्हातारीला एक वाक्य बोलायची छाती नाही म्हणून बावीस चौकटी, असं म्हणून मीच हसले होते ना पोट धरून? आणि हे तेव्हा बशीतला चहा फुंकत गप्प बसले होते.

त्या दिवशी उरलेल्या सगळ्या चौकटी आम्ही दोघांनी मिळून मारल्या. मी दांडा हलवला, यांनी नळी धरली. अम्माने वरून चहा आणला. पुढच्या गुरुवारपासून दिवा जिन्यात, कोनाड्यात लागायला लागला, आणि मी फडकं घेऊन जायचं बंद केलं. शेठना दिवा बाहेर का गेला ते कधी कळलं नाही. ते सगळ्यांना सांगत सुटले की झुलेलालनेच अम्माला बुद्धी दिली. कल्याणच्या हॉलचे पडदे यांना मिळाले. पुढे नव्वदनंतर बरीच कामं मिळाली. शेवटपर्यंत हे त्यावरच जगले.

पण मला आठवते ती त्या रविवारची परतीची वाट. स्टेशनापर्यंत हे सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारून, मागे पंप डुगडुगत होता. मी काही बोलत नव्हते. बोलायचं खूप होतं, कुठून सुरू करू ते कळत नव्हतं. या बाईला घाबरून एक माणूस श्रावणापासून पाठीवर पंप वागवतो, आणि ती बाई मी आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

थोडं पुढे गेल्यावर यांनी हळूच विचारलं, "चिडलीस का?"

मी म्हटलं, "नाही हो."

आणखी थोडं चाललो. यांनी माझ्याकडे न बघता पुन्हा विचारलं, "नक्की ना?"